रतामाच्या झुडपाखाली

या पुस्तकातले पहिले टिपण मी औषधाच्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर लिहिले. रात्रीचे दोन वाजून गेले होते. यांची कूस नुकतीच बदलून झाली होती आणि पुढची पाळी चारला होती. मधल्या वेळात झोपावे तर गजराच्या धास्तीने डोळा लागत नव्हता आणि जागे राहावे तर अंगात त्राण नव्हते. हाताशी पेन्सिल होती. मी लिहिले, ‘प्रभू, मी दमले आहे. आणखीही काही मागायचे होते, पण ते आठवत नाही.’

सकाळी तो कागद गोळ्यांच्या डब्यात सापडला. तो टाकून द्यावा असे वाटले नाही. पुढे अशी बरीच बिले जमली. मंडळीतल्या काही बायकांना ती दाखवली तेव्हा कळले की आपल्यासारख्या आणखी आहेत. एकीचा मुलगा जन्मापासून अंथरुणावर होता. एक स्वतः डायलिसिसवर होती. एक रात्रपाळीची परिचारिका होती आणि घरी गेल्यावर सासूचे सगळे तिलाच करावे लागे. त्यांनीही आपापली टिपणे दिली. कुणी वहीत लिहून आणली, कुणी नुसती सांगितली आणि मी उतरवून घेतली. हे पुस्तक असे झाले. त्याला प्रस्तावना हवी असे सगळ्यांचे म्हणणे पडले आणि ते काम माझ्याकडे आले.

हे पुस्तक कुठल्या थकव्याबद्दल आहे ते आधी सांगते. आपल्या भाषेत दमणे, थकणे, शिणणे आणि गळून जाणे असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते उगीच नाहीत. दमलेला माणूस घटकाभर बसला की उठतो. थकलेला रात्रभर झोपला की सकाळी कामाला लागतो. शिणलेल्याला झोप पुरत नाही. गळून गेलेल्या माणसाला झोपायला हवे हेसुद्धा सुचत नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांवर जे उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर सव्वीस महिने हे अंथरुणावर होते. ज्यांनी असे दुखणे घरात काढले आहे त्यांना पुढचे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना, खुब्यांना कातडी लाल होते आणि मग जखमा पडतात. यांच्याखाली कमरेपासून मांड्यांपर्यंत एक दुहेरी आडवी चादर असे. आपण ज्या बाजूला उभे आहोत तिकडे ती चादर ओढायची, मग गुडघा वाकवायचा, खांद्याला हात घालायचा आणि एका दमात वळवायचे. पाठीशी उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटऱ्यांखाली टॉवेलची घडी. मग कातडीवरून हात फिरवून बघायचे. दिवसाकाठी असे बारा वेळा. सत्तर किलोचा माणूस आणि माझे वजन पन्नासच्या आत. दिवसा ब्युरोच्या मावशी असत, रात्र माझी.

पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे विश्वास आणि ताकद दोन्ही होते. दुसऱ्या वर्षी ताकद संपली, आणि ती संपली तसा विश्वासही संपत चालला की काय, अशी भीती वाटू लागली. प्रार्थनेला गुडघे टेकले की तिथेच डोके पलंगाला टेकून झोप लागे. पवित्र शास्त्र उघडले की ओळी एकमेकींत मिसळत. रविवारच्या उपासनेला तर जाणेच बंद झाले होते.

त्याच सुमारास एक पाहुणे उपदेशक घरी प्रार्थनेला आले. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या आवाजात प्रार्थना केली आणि निघताना दारात मला म्हणाले, ‘ताई, चेहरा इतका उतरलेला का? विश्वास कमी पडतोय. विश्वास असला की थकवा जवळ येत नाही.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या वाक्याने मला जेवढे खचवले तेवढे यांच्या दुखण्यानेही खचवले नव्हते. आजवर शरीर हरत होते. त्या दिवशी मला सांगण्यात आले की आत्माही हरला आहे.

पुढे काही दिवस मनात धुसफूस होती. मी शाळेत तीस वर्षे मुलांना शिकवले आहे. कुणी काही सांगितले की पुस्तकात बघून घ्यायची माझी सवय आहे. म्हणून मी शास्त्रात दमलेली माणसे शोधायला लागले. खरे सांगायचे तर भक्तीने नव्हे, भांडणाने. आणि ती इतकी निघाली की हात ठेवीन तिथे कुणीतरी दमलेले बसले आहे.

त्यांतला पहिला एलीया. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली त्याची हकिकत मी लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकली होती, पण तेव्हा लक्षात राहिला होता तो आदल्या अध्यायातला एलीया. कर्मेल डोंगरावर बालाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहणारा, आकाशातून अग्नी उतरवणारा. आमच्या बाई तो भाग रंगवून सांगत. पुढचे पान त्या उलटत नसत. पुढच्या पानावर तोच एलीया ईजबेल राणीच्या एका निरोपाने पळत सुटला आहे. बैर-शेबापर्यंत जातो, चाकराला तिथे ठेवतो, एकटाच रानात दिवसभराची वाट चालतो आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. मग झोपी जातो.

इथे देव काय करतो ते मी त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचले. देव त्याला रागावत नाही. कालचा अग्नी विसरलास का, असे विचारत नाही. विश्वास कमी पडला असे तर नाहीच म्हणत. एक देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आहे आणि पाण्याचे भांडे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. आणि देवदूत त्याला झोपू देतो! दुसऱ्यांदा येतो तेव्हा पुन्हा खायलाच सांगतो, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. उपदेश नाही, कामाची यादी नाही. दोनदा जेवण आणि दोनदा झोप. मग तो चाळीस दिवस चालून होरेबास जातो. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद स्वर हे सगळे पुढे येते. मंद स्वर ऐकायलाही आधी पोटात काहीतरी असावे लागते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

मी पुस्तक मिटले, स्वयंपाकघरात गेले, दुपारची अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि यांच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले. त्या रात्रीची ती माझी प्रार्थना होती. आजही मी तिला प्रार्थनाच म्हणते.

त्यानंतर प्रभू येशूकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. योहानाच्या शुभवर्तमानात तो शोमरोनातल्या सूखार गावापाशी याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. दुपारची वेळ आहे, आणि चालून दमल्यामुळे तो बसला आहे, असे योहान स्पष्ट लिहितो. हे त्याने लिहिले नसते तरी गोष्टीला बाध आला नसता. तहान लागली म्हणून तो एका परक्या बाईकडे पाणी मागतो. मार्काच्या शुभवर्तमानात वादळात हेलकावणाऱ्या तारवात तो उशीवर डोके ठेवून झोपला आहे. त्या उशीचे मला फार अप्रूप वाटते. देवाचा पुत्र, आणि त्याला उशी लागली. ज्याने शरीर धारण केले त्याने शरीराचा शीणही धारण केला. आपला थकवा त्याला समजावून सांगावा लागत नाही, हे ख्रिस्ती विश्वासातले सगळ्यात मोठे आश्वासन आहे असे मला वाटते, आणि ते मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळले.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या दिवसांत डॉक्टर यांना तपासायला आले असता त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझेच रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन आठ निघाले. माझ्या ‘कमी पडलेल्या विश्वासा’चा मोठा हिस्सा लोहाच्या गोळ्यांनी तीन-चार महिन्यांत भरून आला. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे मंडळीत बायकांच्या बाजूला बसलेल्या तरुण-मध्यमवयीन बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणी कदाचित रक्त कमी असतानाच उभ्या राहून गीते गात असतील. तेव्हा हे पुस्तक वाचणारीला माझी विनंती आहे की सतत गळून गेल्यासारखे वाटत असेल तर आधी रक्त, थायरॉईड, साखर तपासून घ्या. डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नव्हे. एलीयाला भाकर देणारा देव गोळीही देतो.

आता पंडिता रमाबाईंविषयी. मराठीत ख्रिस्ती विश्वास आणि शरीराचा थकवा यांवर काही लिहायचे आणि त्यांच्या केडगावला वळसा घालून जायचे, हे मला शक्य नाही. त्यांच्या विद्वत्तेबद्दल, बाप्तिस्म्याबद्दल आणि त्यावरून झालेल्या वादांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शरीराने काय सोसले याकडे तितके लक्ष गेलेले नाही.

1874 च्या दुष्काळात त्या सोळा वर्षांच्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई, बहीण आणि भाऊ असे कुटुंब पुराणे सांगत दक्षिणेत फिरत होते. होते नव्हते ते विकून संपले. तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात अकरा दिवस त्यांनी पाने, पाणी आणि मूठभर रानखजुरांवर काढले. आधी वडील गेले. मग आई तापाने पडली आणि भ्रमात खायला मागू लागली. रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. मागायची सवय नव्हती, शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन त्या परतल्या, पण आईला तो खाता आला नाही. आई गेल्यावर प्रेत उचलायला माणसे मिळेनात. शेवटी दोघे ब्राह्मण तयार झाले. भाऊ आणि रमाबाई धरून चार जण झाले. स्मशान सुमारे तीन मैल लांब होते. रमाबाईंची उंची कमी, खांदा बाकीच्यांच्या खांद्याला लागेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि तसे त्या तीन मैल चालल्या.

यांना वळवताना माझी पाठ मोडून येई तेव्हा मला त्या मुलीचे डोके आठवे.

मग बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री दोघेच उरले आणि हजारो मैल अनवाणी चालत उत्तरेकडे गेले. झेलम नदीच्या काठी एका रात्री कडाक्याची थंडी होती आणि पांघरायला काही नव्हते. दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत उतरले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. भुकेपोटी रानातली फळे त्यांनी सालांसकट, बियांसकट गिळली. हे सगळे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि लिहिताना कुठेही गळा काढलेला नाही.

1878 मध्ये कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. त्यानंतर चार वर्षांच्या आत भाऊ गेला, लग्न झाले, मुलगी झाली आणि पतीही गेले. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकायचा विचार होता, पण कानांनी साथ सोडली होती, म्हणून तो सोडावा लागला.

आपल्या विषयाशी थेट जोडलेला मुद्दा इथे आहे. 1907 मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष प्रसिद्ध केली. तिच्या नावातच कधीही न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. म्हणजे ज्या वर्षांत त्या अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत होत्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढत होत्या आणि पुढे पुण्यात टीकेचे वार झेलत होत्या, त्या वर्षांत त्या आपल्याच अंगच्या बळावर चालत होत्या. त्यांचे अंगचे बळ काय असेल ते झेलमच्या वाळूत आपण पाहिलेच. तरीही ते पुरले नाही, असे त्याच सांगतात. जी बाई आईचा भार डोक्यावर घेऊन तीन मैल चालली तिलाही आपले बळ पुरले नाही, यात मला फार मोठा दिलासा वाटतो.

पुढचे बळ कसले होते ते त्यांच्या कामात दिसते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. आपल्या दुष्काळाची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर नेले, आणि त्यातून मुक्ती ही संस्था उभी राहिली. 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही शेकडो आल्या, आणि मुक्तीतली संख्या दीड हजारावर गेली. त्या सगळ्यांचे दळण, कपडे, औषधे, शाळा, विहिरी. या कामाने कुठलेही शरीर थकेल. ऐकू येईनासे झालेल्या त्या बाईचेही थकले असणारच. पण त्यांनी एक गोष्ट केली जी मला सव्वीस महिने जमली नाही. त्यांनी काम वाटले. मुलींना विणकाम, शेती, छापखाना, शिकवणे, रोग्यांची सेवा असे एकेक काम सोपवले. पुढे मनोरमा मोठी होऊन त्यांचा उजवा हात झाली.

याच काळात त्यांनी शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. मुक्तीतल्या साध्या, थोडे शिकलेल्या बायकांना कळेल असे शास्त्र हवे होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले, आणि मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायचे काम मुलींनीच केले. मग 24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. वय चाळीस. जिच्यावर पुढचे सगळे सोपवायचे होते तीच गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि शरीर झिजले होते. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासायची राहिली होती. ती पुरी होण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाकडे मागितले, असे सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम झालेले होते.

या दहा दिवसांच्या गोष्टीकडे मी पूर्वी चमत्कार म्हणून पाहत असे. आता मला तिच्यातला हिशेब दिसतो. त्यांनी दहा वर्षे मागितली नाहीत, गेलेली शक्तीही परत मागितली नाही. हातातल्या कामापुरते बळ मागितले. आणि भाषांतर पुरे करत आलेल्या त्या बाईने देवाशी बोलताना कुठले शब्द वापरले असतील, असा विचार माझ्या मनात राहून राहून येतो. बहुधा फार थोडे, आणि साधे.

पौलही याच वाटेवरचा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या काट्याविषयी लिहितो. तो निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि अशक्तपणातच सामर्थ्य पूर्ण होते, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. काटा कुठला ते पौल सांगत नाही, आणि बरे झाले सांगत नाही. त्या रिकाम्या जागेत प्रत्येकाला आपापला काटा ठेवता येतो. डायलिसिसवरच्या आमच्या मैत्रिणीने आपल्या टिपणात तिथे सुईच लिहिली आहे.

मात्र हेच वचन बायकांच्या तोंडावर फेकले जाताना मी पाहिले आहे. अशक्तपणात सामर्थ्य आहे ना, मग करत राहा. दमलेल्या बाईचे मंडळीत कौतुक होते, तिचा त्याग व्यासपीठावरून वाखाणला जातो, पण तिला बसायला खुर्ची कुणी आणून देत नाही. म्हणून मला निर्गमाच्या सतराव्या अध्यायातली गोष्ट फार जवळची वाटते. खाली मैदानात यहोशवा अमालेक्यांशी लढतो आहे आणि टेकडीवर मोशेने हात वर धरले आहेत. हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते, खाली आले की पडती बाजू. मोशेचे हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर आधी एक धोंडा आणून त्याला बसवतात. मग दोघे दोन बाजूंनी हात धरून उभे राहतात, सूर्य मावळेपर्यंत. हा क्रम मी विसरत नाही. आधी बसायची जागा, मग प्रार्थनेला आधार.

आमच्याकडे तो धोंडा एका गुरुवारी आला. गुरुवारी मंडळीतल्या बायका घरोघर प्रार्थनेला जात. त्या दिवशी आमच्याकडे होती. रेव्हरंड टिळकांचे एक भजन झाले, शास्त्रपाठ झाला. मी दाराशी बसल्या बसल्या पेंगत होते. सगळ्या निघाल्या तरी एक बाई उठेना. रेल्वेतून निवृत्त झालेली, फारसे न बोलणारी. म्हणाली, ‘मला नीट प्रार्थना करता येत नाही. कूस कशी बदलायची ते दाखव आणि आत जाऊन झोप. दर गुरुवारची रात्र माझी.’ मी नको नको म्हणाले. आपल्याकडे नको म्हणण्याची फार सवय. तिने ऐकले नाही. मी त्या रात्री सात तास झोपले आणि सकाळी मोरीत तोंड धुताना रडले. माझ्या ओळखीच्या कुठल्याही उपदेशापेक्षा तो गुरुवार मोठा होता.

आणि एक कबुली. मी सव्वीस महिने देवाकडे विश्रांती मागत होते आणि आमच्या मावशींना त्याच सव्वीस महिन्यांतल्या पहिल्या दहांत आठवड्याची एकही सुट्टी दिली नव्हती. सुट्टीच्या दिवशी दुसरे माणूस मिळत नसे, हे खरे. पण मी नीट शोधलेही नव्हते. दहा आज्ञांत शब्बाथाची आज्ञा पुन्हा वाचताना ते उघडे पडले. ती आज्ञा घरच्या माणसांपाशी थांबत नाही. दास, दासी, परका, बैल, गाढवसुद्धा तिच्यात आहेत. मावशी सकाळी साडेसहाला दोन बस बदलून येत, त्यांचेही गुडघे दुखत, आणि त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. अकराव्या महिन्यापासून त्यांना रविवार मिळाला. तेव्हा मी त्यांची माफी मागितली, पण दहा महिने काही परत देता आले नाहीत. या पुस्तकात ‘मावशींचा रविवार’ या नावाचे टिपण आहे. ते त्यांनीच सांगितलेले आहे, माझ्याविषयी जे बोलल्या त्यासकट.

प्रार्थनेचे काय झाले, असे कुणी विचारील. ती लहान झाली. पूर्वी मी नावे घेऊन लांबलचक प्रार्थना करत असे. शेवटी शेवटी श्वास आत घेताना ‘प्रभू’ आणि बाहेर सोडताना ‘ये’, एवढेच उरले. आपण काय मागावे ते कळत नसताना आत्मा शब्दांवाचून आपल्यासाठी विनवणी करतो, अशा अर्थाचे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. ते मला आधी फार गूढ वाटे. आता ते अगदी घरगुती वाटते. हे बोलू शकत नसत, पण ‘अं’ केले की पाणी हवे की पाय सरळ करायचा हे मला कळे. मला कळत होते, तर त्याला कळत नसेल का?

ही टिपणे मुद्दाम आखूड ठेवली आहेत आणि अक्षर मोठे घेतले आहे, कारण ती रात्रीच्या दिव्यात, चष्मा हरवलेला असताना वाचली जाणार आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. पहिल्याच ओळीवर डोळा लागला तर लागू द्यावा. काही पाने कोरी आहेत. त्यांवर औषधाच्या वेळा लिहिल्या तरी चालतील, आमच्यातल्या निम्म्या टिपणांची सुरुवात तशीच झाली.

हे गेले त्याला आता तीन वर्षे होतील. दोन वाजताची जाग काही गेली नाही. पलीकडच्या गल्लीत एका घरी आई आणि मुलगी दोघीच असतात, आई अंथरुणावर आहे. दर गुरुवारी रात्री मी तिकडे असते. मुलगी आत झोपते. पहिल्या गुरुवारी तीही नको नको म्हणाली होती. या पुस्तकाची मुद्रिते मी तिथेच तपासली, दोनची कूस झाल्यावर आणि चारची व्हायच्या आधी.